गोत्र माहीत नसलेला यजमान

अमेरिकेच्या अध्यक्षांचे आसन स्थिर राहावे म्हणून मी एका श्रावणात आमच्या गावच्या महादेवावर रुद्राभिषेक केला होता. हे वाक्य मी पुष्कळ वर्षे कुणाजवळ उच्चारलेले नाही. ऐकणारा हसेल याचे भय नव्हते. तेव्हा आमच्या गावात कुणीही हसले नव्हते. पण त्या अभिषेकाची हकिगत सांगायची तर शाळेमागच्या पत्र्याच्या स्वयंपाकघराची हकिगत सांगावी लागते, आणि तिथे माझी बाजू पडती आहे.

गाव पालमपासून दोन कोसांवर, गोदावरीच्या अलीकडे. मी तिथल्या सातवीपर्यंतच्या शाळेचा मुख्याध्यापक होतो. माझे स्वतःचे शिक्षण मात्र अशा शाळेत झालेले नव्हते. लहानपणी वडिलांनी मला गंगाखेडला एका शास्त्रीबोवांच्या पाठशाळेत ठेवले. तिथे आठ वर्षांत रुद्र, काही काव्ये, व्याकरण आणि धर्मशास्त्राचे प्रकरणग्रंथ झाले. पुढे निजामाची राजवट गेली, गावोगाव मराठी शाळा निघाल्या आणि मला शिक्षकाची नोकरी मिळाली. त्यामुळे गावात माझी दोन कामे होती. दिवसा मुलांना शिकवायचे आणि सणावारी देवळात मंत्र म्हणायचे. गावाने या दोन कामांत कधी भेद केला नाही. दोन्हीकडे मी गुरुजीच होतो.

बहात्तरच्या दुष्काळात शाळेतल्या मुलांना दुपारी शिजवलेले अन्न मिळू लागले. धान्य परदेशचे असे. कधी भरडलेल्या गव्हाचा दलिया, कधी पिवळ्या मक्याचे पीठ, आणि बरोबर तेलाचे चौकोनी डबे. पोत्यांवर आणि डब्यांवर एकमेकांत गुंफलेले दोन हात छापलेले असत. त्यांतला एक हात आपला आणि दुसरा अमेरिकेच्या अध्यक्षांचा, असे गावाने परस्पर ठरवून टाकले. कुणाला ते पटवून द्यावे लागले नाही. धान्य आले म्हणजे देणारा कुणीतरी आहे, आणि देणाऱ्याला हात असतो, इतका तो साधा विचार होता.

ते अन्न शिजवण्यासाठी बाई मिळेना. दुष्काळात सगळ्या बायका खडी फोडायला जात होत्या. शेवटी बौद्धवाड्यातल्या एक बाई तयार झाल्या. वय चाळिशीच्या आत, नवरा निवर्तलेला, दोन मुली आमच्याच शाळेत. मानधन थोडे होते, पण उरलेले अन्न घरी नेण्याची मुभा होती, आणि त्यावर तीन माणसांचे पोट चालत होते. पहिल्या आठवड्यात गावातली निम्मी मुले पंगतीला बसली नाहीत. त्यांच्या आया शाळेच्या कुंपणापाशी येऊन त्यांना घरी घेऊन जात. दुसऱ्या आठवड्यात कुंपणापाशी कुणी आले नाही. घरी नेऊन द्यायला काही नव्हतेच. मुले निमूटपणे येऊन बसली, आणि त्यानंतर त्या विषयावर गावात कुणी बोलले नाही.

सरकारचा एक नियम होता. शिजलेले अन्न मुलांच्या आधी मुख्याध्यापकाने स्वतः चाखावे आणि तसे वहीत लिहून सही करावी. ती वही मी रोज स्वयंपाकघरात घेऊन जात असे. बाई पळीभर दलिया वाटीत काढून ओट्याच्या कडेला ठेवीत. मी वाटीकडे पाही, 'अन्न चांगले आहे' असे वहीत लिही आणि सही करून परत फिरे. ती वाटी मग त्यांची धाकटी मुलगी खाई.

"गुरुजी, आज तरी चाखता का?" त्या कधी कधी विचारीत.

"वास उत्तम आहे, बाई."

"वास तर रस्त्यानं जाणाऱ्याला बी येतो."

असे दोन वर्षे चालले. त्या सह्यांत मला काही अनुचित वाटत नव्हते. अन्न खरोखरच चांगले असे. पातेली लखलखीत असत आणि एकाही मुलाचे पोट कधी बिघडले नाही. जे खरे होते तेच मी लिहीत होतो. फक्त ते मला कळले कसे, एवढेच लिहीत नव्हतो.

संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी देवळाच्या सभामंडपात वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. औरंगाबादचे पत्र दुसऱ्या दिवशी दुपारच्या एस.टी.ने येई. पूर्वी लोक आधी बाजारभाव वाचायला सांगत. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मात्र सरपंच मांडी घालून बसले की म्हणत, "गुरुजी, आधी आपल्या अमेरिकावाल्याचं सांगा."

सांगण्यासारखे पुष्कळ असे. त्या अध्यक्षांवर तीन बाजूंनी एकाच वेळी आभाळ कोसळत होते. त्यांच्या माणसांनी विरोधकांच्या कचेरीत चोरून शिरल्याचे प्रकरण दोन वर्षे धुमसत होते; आता त्यांच्याच दालनातली बोलणी यंत्रावर उतरवलेली आहेत असे निघाले होते आणि न्यायालय ती मागत होते. त्याच दिवसांत ते अरबांकडे जाऊन येत होते, रशियाच्या पुढाऱ्यांशी अण्वस्त्रांची बोलणी करीत होते. आणि घरी तेल महागलेले, त्यांच्या नाण्याची पत उतरलेली, धान्याचे भाव असे चढलेले की आपलेच लोक आधी जेवू देत, बाहेर धान्य कशाला पाठवायचे, अशी भाषा तिथे सुरू झालेली. ही शेवटची ओळ वाचताना माझा आवाज खाली येई. मंडपातल्या सगळ्यांना ती बरोबर ऐकू जाई.

"घरात आग लागली अन् ह्यो दुसऱ्याची भांडणं मिटवायलाय," सरपंच एकदा म्हणाले.

"राजाला दोन्ही करावे लागते," मी म्हणालो.

"ह्योच न्हाई का, बांगलाच्या लढाईत आपल्यावर आरमार धाडलं व्हतं त्यो?" खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारले.

"तेच."

"मंग पडू द्या की."

"पडू द्या म्हणून कसं चालंल, काका?" सरपंच म्हणाले. "तवा त्याचं खात नव्हतो. आता खायलोत."

मी पान उलटून बाजारभाव वाचायला घेतले.

माझ्या मनात त्या अध्यक्षांविषयी एक प्रकारची करुणा होती. पाठशाळेत आम्ही राजधर्म शिकलो होतो. राजा पहाटे उठून काय करतो, दिवसाच्या आठ भागांत कोणती कामे वाटतो, मंत्र्यांना कसे पारखतो, शत्रूशी संधी केव्हा करतो, कोश कसा राखतो, हे सगळे मी तोंडपाठ केले होते. पण ती कामे एका माणसाच्या अंगावर एकाच दिवशी कशी येतात हे मी प्रथमच पाहत होतो. मात्र त्याच राजधर्मात दुसरीही एक गोष्ट शिकवलेली होती. राजाचे पाप त्याच्या अन्नात उतरते, म्हणून राजाचे अन्न जपून घ्यावे. अध्यक्षांचे प्रकरण जसजसे उघड होऊ लागले तसतशी ही गोष्ट मला वारंवार आठवू लागली. मला त्यात आधार वाटू लागला, हे मी आज लिहितो. ती वाटी न उचलण्याला आता शास्त्राचे कारण सापडले होते.

एके दिवशी मी ते बाईंना सांगितले. त्यांनी विचारले म्हणूनच सांगितले. मुलींकडून त्यांना रोजच्या बातम्या कळत असत.

"काय झालं तुमच्या अमेरिकावाल्याचं?" तिसऱ्या चुलीतले लाकूड बाहेर ओढीत त्यांनी विचारले.

"अजून झगडत आहेत."

"तीन चुली एकट्यानं पेटवल्यात त्यानं. एक करपणारच. मला इचारा." मग म्हणाल्या, "आन् करपलेलं त्यो झाकायलाय. त्यानं भागत न्हाई. वरून पाणी वतलं की जास्तच वास सुटतो."

मी म्हणालो, "म्हणूनच मी हे अन्न घेत नाही, बाई. देणारा दोषी असेल तर तो दोष अन्नातून खाणाऱ्याकडे येतो, असे शास्त्र आहे."

त्या पातेल्यात पळी फिरवीत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हंजे त्या अध्यक्षाच्या पापाचा इटाळ हाय. माज्या हाताचा न्हाई."

"नाही."

"बरं झालं सांगितलंत. मला उगीच वाटायलं व्हतं." आणि पळी पातेल्याच्या काठावर ठेवून म्हणाल्या, "पण लेकरं तर रोज खायलेत त्याचं पाप. त्यांना चालतंय?"

"मुंज होईपर्यंत मुलांना अन्नाचा दोष लागत नाही."

"शास्त्रात लय जागा हाय, गुरुजी," त्या म्हणाल्या. "ज्याला पायजे त्याला बसायला."

मी सही केली आणि वही घेऊन वर्गावर गेलो.

आषाढ संपत आला तेव्हा सरपंचांनी मंडपात विषय काढला. अध्यक्षांना खाली खेचण्याची तयारी त्यांच्या संसदेत सुरू झाली होती. नवा माणूस येईल, तो धान्य बंद करील, अशी सगळ्यांची समजूत होती. सरपंच म्हणाले, आपण त्याचे दोन वर्षे खाल्ले, तो अडचणीत आहे, आणि आपल्या हातात महादेवाशिवाय दुसरे काय आहे? श्रावणभर रोज अभिषेक करावा. दूध ते देतील, बेल गावची पोरे आणतील.

ही सूचना मला विक्षिप्त वाटली नाही. अन्नदात्याच्या कल्याणाची प्रार्थना करणे हा धर्मच आहे, आणि प्रार्थनेला समुद्र आडवा येत नाही. माझ्या मनात फक्त संकल्पाची अडचण होती. संकल्पात ज्याच्यासाठी कर्म करायचे त्याचे गोत्र आणि नाव घ्यावे लागते.

"नाव नका घेऊ," सरपंच म्हणाले. "तोंडात बसायचं न्हाई. पद घ्या."

"पद घेता येईल. गोत्राचे काय?"

"तुमच्यात काय सोय हाय?"

"ज्याचे गोत्र माहीत नाही त्याचे काश्यप धरावे."

सरपंचांना समाधान झाले. "मंग त्यो आपलाच निघाला की. आमचं बी काश्यपच."

ही बातमी दुसऱ्या दिवशी मुलींच्या तोंडून स्वयंपाकघरात पोहोचली. मी वही घेऊन गेलो तेव्हा बाईंनी विचारले, "गोत्र ठाऊक नसंल त्याला काश्यप म्हणायचं, असं हाय का तुमच्यात?"

"हो."

"समद्यांना?"

मी वही उघडली. त्या म्हणाल्या, "आमाला नको तुमचं गोत्र. आमी त्या वाटेनं जात न्हाई आता. नुसतं इचारून ठेवलं."

श्रावण शुद्ध प्रतिपदेला अभिषेक सुरू झाला. नियम मी स्वतःच घालून घेतले. अमावास्येपर्यंत एकभुक्त राहायचे, सोवळ्यात घरी शिजवलेले तांदूळ-मूग तेवढे घ्यायचे, परान्न वर्ज्य. रोज सकाळी अमेरिकादेशाधिपतीच्या क्षेमस्थैर्याच्या संकल्पाचे पाणी सोडून मी रुद्राची आवर्तने करी आणि मग शाळेत जाई. त्या दिवसांत माझे चित्त फार प्रसन्न असे. इतक्या दूरच्या, इतक्या मोठ्या माणसासाठी आपण काही करीत आहोत, ही भावना मला आजवर दुसऱ्या कुठल्या कर्मात आलेली नाही.

श्रावणाच्या दुसऱ्या पंधरवड्यात परभणीहून पत्र आले. परदेशी धान्याची आवक उतरल्यामुळे आमच्या भागातल्या दोन स्वयंपाकघरांपैकी एकच चालू राहील. एक आमचे आणि दुसरे नदीकाठच्या गावचे. कोणते ठेवायचे ते पाहण्यासाठी अधिकारी गुरुवारी येतील. पत्र मी बाईंना वाचून दाखवले.

"मंग आपलं ऱ्हाईल का?"

"आपली स्वच्छता चांगली आहे. हजेरी चांगली आहे. राहायला हरकत नाही."

"हरकत न्हाई म्हणू नका. ऱ्हाईल का, तेवढं सांगा. हे गेलं तर गावात माज्या हातचं कोण घेणार हाय? शाळा हाय म्हणून घेतात."

मी म्हणालो, "राहील."

बुधवारी त्यांनी आणि त्यांच्या मुलींनी मिळून पत्र्याची ती खोली चुन्याने पांढरी केली. चुली नव्याने लिंपल्या. गुरुवारी दलियाला तेलात लसणाची फोडणी दिली आणि भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट घातले. शेंगदाणे त्यांनी घरून आणले होते.

अधिकारी दुपारी जीपने आले. मध्यम वयाचे, थकलेले, बोलायला सौम्य होते. त्यांनी धान्याची कोठी पाहिली, पाणी पाहिले, मुलांचे हात पाहिले. पंगत बसली होती. बाईंनी नेहमीप्रमाणे वाटी काढून ओट्याच्या कडेला ठेवली.

"गुरुजी, आधी तुम्ही घ्या," साहेब म्हणाले. "नियम आहे. मग मुलांना वाढू द्या."

मी म्हणालो, "माझे अनुष्ठान चालू आहे. अमावास्येपर्यंत परान्न वर्ज्य आहे."

"असं का." त्यांनी मान हलवली. देवाधर्माचा आदर असणारे गृहस्थ होते. ते वही चाळू लागले. "पण श्रावण सुरू झाल्यापासूनही सह्या तर रोजच्या आहेत."

त्यांनी मागची पाने उलटली.

"आणि श्रावणाच्या आधीच्या?"

पन्नाससाठ मुले समोर ताटे घेऊन बसली होती. त्यांतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होते. सगळी आपापल्या ताटाकडे बघत होती. मी त्यांना दोन वर्षे सत्यावर निबंध लिहायला दिले होते.

तेव्हा बाई म्हणाल्या, "गुरुजीस्नी वासावरून कळतंय, साहेब. त्यांचं नाक लय तिखट हाय."

त्या हसून बोलल्या होत्या. माझे खोटे त्या आपल्या अंगावर घेत होत्या, आणि ते चुलीसाठी घेत होत्या. साहेबही किंचित हसले. मग वही मिटून माझ्यापुढे धरीत म्हणाले, "गुरुजी, अजून वेळ गेलेली नाही. माझ्यासमोर एक घास घ्या. म्हणजे मला लिहिता येईल."

इथे मला काही लपवायचे नाही. व्रतभंगाचे प्रायश्चित्त मला ठाऊक होते. एक दिवसाचा उपवास आणि गायत्रीचा जप, एवढेच. दुसऱ्याच्या प्राणरक्षणासाठी नियम मोडला तर त्याचीही गरज नाही, असे म्हणणारे ग्रंथकार आहेत, आणि मी ते शिकलेलो आहे. म्हणजे शास्त्राने मला अडवले नव्हते. मी त्या वाटीकडे पाहिले. वरती तेलाचा तवंग होता आणि लसूण लालसर झाला होता. माझा हात उठला नाही. अध्यक्षांसाठी केलेला संकल्प मोडेल, असे मी मनाशी म्हणालो; आणि ते म्हणत असतानाच मला कळत होते की संकल्प नसता तरीही हात उठला नसता.

"क्षमा करा," मी म्हणालो.

साहेबांनी वाटी उचलली आणि उभ्याउभ्याच सगळी खाल्ली. "बाई, फार छान झालंय," ते म्हणाले. मग जीपकडे जाताना मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितले की नदीकाठच्या गावचे गुरुजी रोज मुलांबरोबर पंगतीला बसतात, तिथेही शिजवणाऱ्या बाई बौद्धवाड्यातल्याच आहेत, आणि दोन्हींपैकी एक निवडताना त्यांच्याकडे दुसरे काही मोजायला नाही. खोट्या सह्यांबद्दल आपण वर कळवणार नाही, असेही ते म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. त्या आभारांची मला अजून लाज वाटते.

दुसरा दिवस श्रावणातला शुक्रवार होता. त्या वर्षी रेडिओवर संस्कृतमधून बातम्या नुकत्याच सुरू झाल्या होत्या, आणि माझ्यासाठी म्हणून सरपंच आपला ट्रान्झिस्टर रोज सकाळी देवळात आणीत. अभिषेक आटोपून मी ओल्या धोतराने पायरीवर बसलो होतो. अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यागपत्र दिल्याचे मी माझ्या आयुष्यातल्या सर्वांत प्रिय भाषेत ऐकले. निवेदकाचा उच्चार शुद्ध होता. 'त्यागपत्र' हा शब्द सरपंचांनाही कळला.

ते पिंडीकडे वळून म्हणाले, "काल रात्री दिलं म्हणायचं त्यानं."

"तिथली रात्र. आपली पहाट."

"म्हंजे आज तुमी संकल्प सोडला तवा त्यो गेलेला व्हता."

"हो."

"आता?"

मी सांगितले की सुरू केलेले अनुष्ठान मध्ये सोडता येत नाही.

"नाव घेतलं न्हाई ते बरं झालं," सरपंच म्हणाले. "पदाचा संकल्प हाय. नवीन आला त्याला लागू व्हतो." ते थट्टा करीत नव्हते. अमावास्येपर्यंत त्यांच्या घरून दूध येत राहिले आणि मी काश्यपगोत्री नव्या अध्यक्षांच्या स्थैर्यासाठी अभिषेक करीत राहिलो. मंत्र तेच होते. फक्त माझे चित्त त्यात नव्हते. पण हे मी कुणाला सांगितले नाही.

सोमवारी नदीकाठच्या गावची बैलगाडी येऊन उरलेली पोती आणि डबे घेऊन गेली. त्यानंतरच्या आठवड्यात दुपारच्या सुटीत घरी गेलेली मुले परत येईनाशी झाली. कुणी शेळ्यांमागे गेली, कुणी खुरपणीला. मी घरोघर जाऊन सांगून आलो. आया ऐकून घेत आणि म्हणत, "खायला असलं की धाडतो, गुरुजी." वर्गात त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. बाईंच्या दोन्ही मुली मात्र दिवसभर येत.

भाद्रपदात बाई शाळेत आल्या. स्वयंपाकघर बंद झाल्यापासून मी त्यांच्याकडे गेलो नव्हतो. जावे असे रोज ठरवीत होतो. त्या दारातच उभ्या राहिल्या. जिंतूरला मुलांच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाची जागा आहे, त्यांच्या भावाने कळवले आहे, पण तिथे आधीच्या कामाचा दाखला मागतात, असे त्या म्हणाल्या.

मी त्यांना बसायला सांगितले. त्या बसल्या नाहीत. मी चांगला कागद काढला आणि जितका चांगला लिहिता येईल तितका दाखला लिहिला. या बाईंनी आमच्या शाळेत दोन वर्षे मुलांचा स्वयंपाक केला, त्या वेळेवर येत, भांडी व जागा अत्यंत स्वच्छ ठेवीत, त्यांचा स्वयंपाक उत्तम व रुचकर असे, अशी ती वाक्ये होती. खाली सही केली, शाळेचा शिक्का मारला आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांना अक्षरे जोडून वाचता येत असे. त्यांच्या वाड्यातल्या प्रौढांच्या वर्गात त्या शिकल्या होत्या. बोट फिरवीत त्या हळूहळू वाचत गेल्या. एका ठिकाणी बोट थांबले.

"रुचकर म्हंजे?"

"चवदार."

"कुणाला?"

मी शिक्क्याची डबी बंद केली.

"तुमाला काय म्हाईत, गुरुजी?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. "साहेबांना म्हाईत हाय. लेकरांना म्हाईत हाय. त्यांची सही न्हाई हेच्यावर."

"बाई, ते खरे आहे. म्हणून लिहिले."

"वहीत बी खरंच लिवत व्हता तुमी. त्यानंच गेली माजी चूल." त्यांनी कागद माझ्या मेजावर परत ठेवला. "खोडा तेवढं. जे डोळ्यानं बघितलं तेवढंच ठिवा. दुसऱ्या गावात जायलेय, तुमची असली सही संगं नको."

मी त्यांना समजावले, की वसतिगृहाला स्वयंपाकीण हवी आहे आणि तीच ओळ त्यांच्या कामाची आहे. नवा कागद घेऊन दुसऱ्या शब्दांत लिहितो असेही म्हणालो. त्या तशाच उभ्या राहिल्या. शेवटी मी लेखणी घेतली आणि 'स्वयंपाक उत्तम व रुचकर असे' एवढे शब्द खोडले. खोडल्याच्या बाजूला सही करावी लागते, तीही केली. त्यांनी कागदाची चौपदरी घडी घातली, पदराच्या टोकाला बांधली आणि मुलींना वर्गातून बोलावून घेतले.

पुढच्या महिन्यात सरपंच काही कामाने जिंतूरला जाऊन आले. बाई त्यांना भेटल्या होत्या. वसतिगृहाच्या व्यवस्थापकांनी दाखला वाचून त्यांना कामावर ठेवले होते. वेळेवर येतात आणि भांडी स्वच्छ ठेवतात, असे त्यात लिहिले होते, म्हणून त्यांना भांडी घासायला ठेवले. स्वयंपाकाला दुसरी बाई घेतली.